पांझानीची जाळीची पिशवी: जाहिरातीच्या चित्रातला अर्थ सापडतो की लादला जातो?

पिंपळपान (धागाकर्ता)

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली एका फ्रेंच नियतकालिकात पास्त्याच्या एका जाहिरातीवर जो निबंध लिहिला, तो जाहिरातींच्या चिन्हमीमांसेचा, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो याच्या अभ्यासाचा, आरंभबिंदू मानला जातो. जाहिरात पांझानी या फ्रेंच कंपनीची होती. अर्धवट उघडलेल्या जाळीच्या पिशवीतून पास्त्याची पाकिटे, एक डबा, टोमॅटो, कांदे, ढोबळ्या मिरच्या आणि अळंबी बाहेर आलेली आहेत आणि लाल पार्श्वभूमीवर पिवळे व हिरवे रंग उठून दिसत आहेत, एवढेच ते चित्र. बार्थ त्यातून चार चिन्हे वेगळी काढतात. उघडी पिशवी नुकत्याच बाजारातून परतल्याचे सांगते, म्हणजे ताजेपणा आणि घरचा स्वयंपाक. टोमॅटो, मिरची आणि रंगांची तिरंगी संगती 'इटालियनपणा' सुचवते. पाकीट, डबा आणि भाज्या एकाच पिशवीत असल्यामुळे स्वयंपाकाला लागणारे सगळे ही कंपनीच पुरवते, आणि डब्यातला माल हा भाजीइतकाच ताजा आहे, असा भास होतो. शिवाय संपूर्ण मांडणी फळाभाज्यांच्या जुन्या स्थिरचित्रांची आठवण करून देते.

मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. छायाचित्रातला टोमॅटो हा कोणीही ओळखावा असा साधा टोमॅटोच असल्यामुळे त्याच्या पाठीवर बसून आलेला इटालियनपणाही तितकाच नैसर्गिक आणि निर्विवाद वाटू लागतो. 'आमचा पास्ता अस्सल इटालियन आहे' असे वाक्य छापले तर वाचक ते खोडून काढू शकतो. परंतु टोमॅटोशी वाद कसा घालणार? जाहिरात आपल्याला पटवते ती या वाटेने, आणि ही वाट दाखवून देणारी दुसरी पद्धत निदान माझ्या वाचनात नाही. तरीही अनेकांना हा पांडित्याचा खेळ वाटतो. मतभेद असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कुंचला

मी गेली अनेक वर्षे कमर्शियल आर्टिस्ट म्हणून काम करतो आहे, त्यामुळे चित्र टेबलावर कसे तयार होते ते थोडे सांगतो. एकदा एका साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात करत होतो. छपाईच्या आदल्या दिवशी मालकांनी सवलतीचा मजकूर काढून टाकायला सांगितला आणि उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा ओकीबोकी दिसू लागली. मी तिथे एक समई ठेवली. पुढे एका कार्यशाळेत वक्त्यांनी तीच जाहिरात पडद्यावर दाखवून समईच्या ज्योतीचा साडीच्या जरीशी, जरीचा सौभाग्याशी आणि सौभाग्याचा खरेदीशी संबंध जोडून दाखवला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसून, तो कोपरा केवळ रिकामा होता म्हणून भरला, हे कोणाला सांगावे या विचारात होतो.

पांझानीच्या चित्रकाराने जाळीची पिशवी घेतली ती कदाचित एवढ्यासाठीच, की कापडी पिशवीतून आतला माल दिसत नाही. जाहिरातीचे चित्र अंदाजपत्रक, छपाईची शाई, ग्राहकाची हौस आणि उरलेला वेळ यांच्या ओढाताणीतून तयार होते. त्यानंतर त्यात अर्थ शोधणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर हवामानाचा अंदाज सांगणे होय.

पिंपळपान

कुंचला, आपला अनुभव मी नाकारत नाही. परंतु एकच प्रश्न विचारतो. कोपरा रिकामा होता हे मान्य. तो भरण्यासाठी आपल्या हाताला समईच का लागली, टेबल फॅन का लागला नाही? आकाराने दोन्ही वस्तू तिथे मावल्या असत्या. दिवाळी, साडी आणि समई यांना एका ओळीत बसवणारा संकेत आपल्या आणि आपल्या वाचकांच्या मनात आधीपासून होता, म्हणूनच घाईतही आपला हात चुकला नाही. चिन्हमीमांसा चित्रकाराच्या हेतूचा पंचनामा करत नाही. हेतू नसतानाही जो संकेत काम करतो, त्याचा ती शोध घेते. वक्त्यांनी जरीपासून खरेदीपर्यंत जो लांब पूल बांधला, त्याची जबाबदारी अर्थातच माझी नाही.

आडगिऱ्हाईक

मी मूळ लेखाशी असहमत आहे, आणि माझा आक्षेप कुंचला यांच्यापेक्षा वेगळा आहे. हेतू बाजूला ठेवला तरी ही पद्धत चुकीची ठरण्याची सोय कुठे आहे? लेखातलाच 'तिरंगी संगती'चा मुद्दा घ्या. बार्थ पिवळा, हिरवा आणि लाल असे तीन रंग मोजतात आणि त्यातून इटली काढतात. इटलीचा ध्वज हिरवा, पांढरा आणि लाल आहे. त्यात पिवळा नाहीच. पिवळा, हिरवा आणि लाल हे रंग घानाच्या ध्वजात आहेत, इथियोपियाच्याही आहेत. मग या जाहिरातीत आफ्रिका का सुचत नाही? उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे रंग त्या उत्तरात बसवून घेतले, असे मी म्हणालो तर आपण काय म्हणाल?

दुसरे असे की, ही पद्धत ग्राहकाला सावध करते असा समज आहे, परंतु बार्थ यांचेच शिष्य जॉर्ज पेनिनू पुब्लिसिस या जाहिरातसंस्थेत संशोधनाचे काम पाहत असत. कुलूप उघडण्याची विद्या कुलपे विकणाऱ्याच्याच पदरी पडली, एवढे तरी मान्य करावे.

पिंपळपान

रंगांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे; बार्थ यांचे ते वाचन सैल आहे. परंतु आफ्रिका का सुचत नाही, याचे उत्तर त्याच निबंधात आहे. चित्राला अनेक अर्थ फुटू शकतात आणि शब्द जहाजाच्या नांगरासारखे काम करून त्यांतला एक अर्थ पक्का करतात, असे बार्थ म्हणतात. 'पांझानी' या नावाच्या शेवटचे स्वर फ्रेंच कानाला इटालियन वाटतात, आणि तो नांगर पडल्यावर रंगांना दुसरीकडे वाहून जायला वाव राहत नाही. स्वतः बार्थ यांनी असेही नोंदवले आहे की, इटालियन माणसाला या नावातला किंवा टोमॅटोतला इटालियनपणा फारसा जाणवणार नाही, कारण हे इटलीविषयीचे फ्रेंच ज्ञान आहे. म्हणजे अर्थ वाचकागणिक बदलतो, पण वाटेल तसा बदलत नाही. वाचकापाशी कोणते ज्ञान आहे त्यानुसार बदलतो.

राहिला चुकीचे ठरण्याच्या सोयीचा प्रश्न. त्यासाठी अदलाबदलीची कसोटी आहे: चित्रातली एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तसेच ठेवावे, आणि अर्थ हलतो का ते पाहावे. जाळीच्या पिशवीऐवजी पुठ्ठ्याचे खोके ठेवले तर बाजारातून परतलेली गृहिणी नाहीशी होते आणि गोदाम दिसू लागते. पण कांदे दोनाऐवजी तीन केले तर काहीच घडत नाही; अर्थात कांद्यांची संख्या हे चिन्ह नव्हे, आणि त्या संख्येत कोणी त्रिमूर्ती शोधत असेल तर तो चुकतो आहे. पेनिनूंविषयीचे विधान खरे आहे. त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

मम्मटाचा शेजारी

चर्चा वाचून गंमत वाटली, कारण ही अदलाबदलीची कसोटी आपल्याकडच्या काव्यशास्त्रात फार पूर्वीपासून आहे. 'गङ्गायां घोषः' हे उदाहरण संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. प्रवाहावर वस्ती असणे अशक्य, म्हणून लक्षणेने, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेऊन, 'गंगेच्या काठावर' असे समजावे लागते. मग सरळ 'गङ्गातटे' असेच का म्हणू नये? अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात नेमके हेच दाखवले आहे की, तसे म्हटल्यास पावित्र्य आणि शीतलता यांची जी प्रतीती येते ती येत नाही, आणि म्हणून व्यंजना, म्हणजे न सांगितलेला अर्थ सुचवणे, ही शब्दाची स्वतंत्र शक्ती मानावी लागते. एक शब्द बदलला, काय हरवले ते पाहिले आणि हरवलेल्या गोष्टीला नाव दिले. पांझानीची पिशवी आणि गंगेवरची वस्ती यांत पद्धतीचा फरक मला तरी दिसत नाही.

फरक आहे तो वाचकाचा. ध्वनिसिद्धान्तात, म्हणजे सुचवलेला अर्थ हाच काव्याचा प्राण मानणाऱ्या विचारात, अर्थ सहृदयाला प्रतीत होतो, आणि सहृदय हा संस्काराने तयार झालेला, थांबून आस्वाद घेणारा रसिक असतो. जाहिरातीपुढून जाणारा माणूस मात्र बस पकडण्याच्या घाईत असतो. त्याला व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) कळण्याआधीच लागू झालेला असतो. त्यामुळे आपली जुनी परिभाषा इथे जशीच्या तशी आणून ठेवावी, असे मी म्हणणार नाही. 'हे सर्व आमच्याकडे होतेच' या सुराचा मला स्वतःलाच कंटाळा आहे.

आडगिऱ्हाईक

मम्मटाचा दाखला सुंदर आहे. तरीही कसोटी कोणी घ्यायची, हा प्रश्न राहतोच. पिंपळपान यांनी खोके मनातल्या मनात ठेवले आणि गोदामही मनातल्या मनात पाहिले. परीक्षा घेणारा आणि परीक्षा देणारा एकच माणूस असेल, तर नापास कोण होणार? शिवाय चित्र अजिबात न बदलता अर्थ बदलतो, त्याचे काय करायचे?

एअर इंडियाचा महाराजा घ्या. एअर इंडियाचे अधिकारी बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव यांच्या हातून तो १९४६ साली उतरला, तेव्हा देशात खरोखरचे महाराजे गादीवर होते. छातीवर हात ठेवून वाकलेला राजा, म्हणजे 'आमच्या विमानात राजासारखी बडदास्त मिळेल' असेही वाचता येते आणि 'इथे राजाच तुमचा सेवक आहे' असेही. १९७१ मध्ये माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले. त्यानंतर तोच फेटा, त्याच मिशा आणि तेच वाकणे यांचा अर्थ, घराणे संपले पण अदब उरली, असा का होऊ नये? एक रेषाही न हलवता हे घडले असेल, तर अर्थ चित्रात होता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पिंपळपान

अर्थ चित्रात असतो, असे मी कुठेही म्हटलेले नाही. तो चित्र आणि संकेत यांच्यामध्ये असतो, आणि १९७१ मध्ये संकेत बदलला. किंबहुना आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. हाच महाराजा टोकियोच्या प्रवासासाठी सुमो पहिलवान झाला, इतर शहरांसाठी आणखी कोणी झाला. कपडे गेले तरी तो ओळखू येत राहिला, कारण मिशा राहिल्या. ओळख कशावर उभी आहे, हे जाहिरात करणाऱ्यांनीच अदलाबदल करून दाखवले. ही परीक्षा माझ्या मनात झालेली नाही, भिंतीवरच्या पोस्टरांवर झालेली आहे.

गोरेपणाच्या क्रीमचे अलीकडचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे 'ग्लो अँड लव्हली' झाले, आणि त्याआधीच पाकिटावरची दोन चेहऱ्यांची जोडी काढून टाकण्यात आली होती. एकट्या चेहऱ्याला 'आधी' आणि 'नंतर' नसते. जोडी असली की डावीकडून उजवीकडे वाचणारा डोळा तिची गोष्ट करतो आणि त्या गोष्टीत सावळेपणा हा दोष ठरतो. चेहऱ्यांची ती जोडी नुसती सजावट असती, तर ती काढून टाकण्याची गरज कोणाला वाटली असती?

आडगिऱ्हाईक

हे उदाहरण वजनदार आहे. परंतु त्या दोन चेहऱ्यांतला अपमान ओळखायला सावळ्या मुलींना चिन्हमीमांसेची वाट पाहावी लागली नव्हती. त्यांना तो पहिल्या दिवसापासून वाचता येत होता.

कुंचला

पिंपळपान यांचा टेबल फॅनचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. काल जुनी फाइल उघडली, समई पुसली आणि त्याच मापाचा टेबल फॅन त्या कोपऱ्यात बसवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला काही न सांगता प्रिंट दाखवली. त्याने क्षणभर पाहून विचारले, "उन्हाळी सेल आहे का? मग आकाशकंदील कशाला ठेवलाय?"

म्हणजे संकेत आहे, हे मी मान्य करतो. परीक्षा घेणारा मी आणि देणारा दुसरा होता, याची आडगिऱ्हाईक यांनी नोंद घ्यावी. मात्र कंदील खटकतो हे त्याला एका नजरेत दिसले आणि बार्थ त्याने वाचलेले नाहीत. कार्यशाळेतल्या त्या वक्त्यांनी अशी एखादी प्रिंट कोणाला दाखवली असती, तर जरीपासून खरेदीपर्यंतच्या पुलाचे किती खांब उभे राहिले असते, हे मला अजूनही पाहायचे आहे.