सहावी ते आठवीच्या मुलांना विचार करत वाचायला, लिहायला कसं शिकवावं? बजेट १,५००

समाजमंदिर_अभ्यासिका:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात मी रोज संध्याकाळी सात ते साडेआठ मुलांचा अभ्यास घेते. जागा समाजमंदिराची, मुलं चौदा, सगळी जिल्हा परिषद शाळेतली.

वाचता येत नाही असं नाही. परवा सातवीतल्या एका मुलीने विहिरीवरचा उतारा कुठेही न अडखळता वाचला. त्यात ओळ होती, 'ही विहीर कधीच आटत नाही असं गावात सगळे म्हणत.' मी विचारलं, "विहीर आटत नाही हे कशावरून?" तिने त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि तीच ओळ पुन्हा मोठ्याने वाचली. 'सगळे म्हणतात' आणि 'आटत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्या लक्षातच आलं नाही.

निबंधाचंही तेच. विषय दिला की लगेच पेन सुरू, चार ओळींत संपलं, मग गाईड उघडायचं. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना पर्याय बघून अंदाजाने खुणा करतात.

तूर विकल्यावर घरच्यांनी दिलेले १,५०० रुपये आहेत. काय घेऊ? गाईड नको. नेट फक्त माझ्या मोबाईलवर, तेही ओट्यावर उभं राहिलं तर. दोन वेगवेगळ्या पेपरांची रद्दी आणून तिच्यावर काम घ्यावं असं मनात आहे. कोणी केलंय का?

नवोदय_पालक:
ताई, सरळ सरावसंच घ्या. मी मुलासाठी यवतमाळहून आणला, २,८०० ला पडला, पण मुलगा नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत लागला. तिच्या प्रवेश परीक्षेच्या पेपरात ८० प्रश्न, दोन तास, आणि निम्मे म्हणजे ४० प्रश्न नुसते बुद्धिमत्तेचे. मी त्याला रोज पहाटे पाचला उठवून बसवत होतो. सरावाला पर्याय नाही.

दिग्रसकर:
टॅब घ्या. मी मुलीसाठी ९,००० चा घेतला, आत सगळे धडे भरलेले. माणूस घरी येऊन दाखवून गेला, वर्षाचे पैसे आधीच घेतले आणि तिसऱ्या महिन्यापासून त्यांनी फोन उचलणं बंद केलं. फार मनस्ताप झाला. तरी सांगतो, वस्तू चांगली आहे, फक्त कंपनी पारखून घ्या. लाईन गेली तरी चार तास चालतो.

समाजमंदिर_अभ्यासिका:
भाऊ, १,५०० आहेत आणि मुलं चौदा आहेत.

बाभूळगाव_७८:
नवोदय सहावीच्या प्रवेशासाठी असते, त्यासाठी पाचवीत बसावं लागतं. ताईंची मुलं पुढे गेलीत. त्यांना संचाचा काय उपयोग?

नवोदय_पालक:
नववीलाही प्रवेश असतो, आठवीतली मुलं बसू शकतात. अर्धवट माहिती देऊ नका.

बाभूळगाव_७८:
मग आठवीवाल्यांना एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा की. ९० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, ९० शालेय विषयांचे. लागलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आमच्या पुतणीला मिळाली, सायकल तिने त्यातूनच घेतली.

झेडपीच्या_बाई:
ताई, तुम्ही परीक्षेचं विचारलेलं नाही, म्हणून वेगळं सांगते. वाचनासाठी आधी विकत काही घेऊ नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तालुक्याला गेलात की चार-पाच उतारे छापून आणा. मग मुलांना प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला लावा: लेखकाने स्वतः पाहिलं असेल तर डोळा, कोणाकडून ऐकलं असेल तर कान, नुसतं त्याचं मत असेल तर 'म'. तुमच्या विहिरीच्या ओळीपुढे कान येईल. पहिले आठ दिवस मुलं सगळीकडे डोळेच काढतात. तेव्हा उत्तर सांगून टाकायचं नाही, शेजारच्याशी भांडू द्यायचं.

लिहिण्याआधीच्या कामाला मात्र जीव लावा, खरं दुखणं तिथे आहे. विषय दिल्यावर पंधरा मिनिटं वहीला हात लावू द्यायचा नाही. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, आणि सगळ्या जमिनीवर मांडायच्या. एका जातीच्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावायच्या. मग एकेक उचलून विचारायचं, "म्हणजे काय झालं?" ज्या चिठ्ठीला उत्तर नाही ती बाजूला. माझ्या वर्गात 'आमचा पोळा' दिला तेव्हा अकरा जणांनी 'बैलांना सजवतात' लिहिलं. "तुझ्या बैलाला कसं सजवलं?" विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, आमच्या बैलाचं एक शिंग मोडलेलं आहे, म्हणून बाबांनी बाशिंग कानामागून दोरीने बांधलं. मी म्हटलं, हेच तुझं पहिलं वाक्य. त्या मुलाने दीड पान लिहिलं. आधी त्याची गाडी पाच ओळींपुढे कधी गेली नव्हती.

कापूसवाला:
ताई, कृषी केंद्रात बियाण्याचे कागद फुकट भेटते. 'एकरी १५ क्विंटल' असं मोठ्या अक्षरात लिवलं रायते. पोट्ट्याइले इचारा, जमीन कोनती होती? ओलित का कोरडवाहू? एकाच वावरात मोजलं का धा वावरात? आन औषधाच्या डब्यावर तिकोन रायते. लाल सगळ्यात जहरी, मंग पिवळा, मंग निळा, मंग हिरवा. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारनीनं किती मानसं गेली, तुमाले मालूमच हाये. तो तिकोन पोट्ट्याइले वाचता आला पायजे, आन घरी जाऊन बापाले सांगता आला पायजे.

वणीकर_आई:
मुलांच्या हातात औषधाचे डबे? अजिबात नको! आणि हिरवा म्हणजे बिनविषारी असं मुलांना वाटलं तर?

कापूसवाला:
डबा नाई म्हनलं म्या. फोटो काढून दाखवा. हिरव्यालेबी हातमोजे लागतेच, तेबी तिथंच सांगा.

झेडपीच्या_बाई:
कापूसवाला भाऊ, हा धडा मी उद्याच घेते.

दारव्हा_एक्सप्रेस:
तर्कासाठी खर्च शून्य. पाढे पाठ करायला लावता तसं रोज एक कोडं फळ्यावर लिहा. हे घ्या: 'पाऊस चांगला झाला की तूर चांगली होते. यंदा तूर चांगली झाली. म्हणून यंदा पाऊस चांगला झाला.' बरोबर की चूक?

नवोदय_पालक:
बरोबर. सोपं आहे.

कापूसवाला:
काहून बरोबर? मायं वावर ओलिताचं हाये. पावसानं दगा देल्ला तरी विहिरीच्या पान्यावर तूर झाली मायी.

नवोदय_पालक:
विहिरीचं प्रश्नात कुठे दिलंय? दिलं आहे तेवढ्यावरच उत्तर काढायचं असतं.

दारव्हा_एक्सप्रेस:
दिलं आहे तेवढ्यावरच काढा. पहिल्या वाक्यात पावसाने तूर चांगली होते एवढंच आहे. फक्त पावसानेच होते असं कुठे म्हटलंय? तूर बिघडली असती तर पाऊस चांगला नव्हता असं म्हणता आलं असतं. उलट्या दिशेने नाही. मुलं नेमकी इथेच घसरतात. ताई, हे चौदाही मुलांना विचारा आणि कोणाच्या घरी ओलित आहे तेही बघा. ती मुलं आधी हात वर करतील.

निवृत्त_गुरुजी:
चौतीस वर्षं नोकरी केली, म्हणून अधिकाराने लिहितो. प्रश्न विचारून शिकवणं आपल्या मातीतलं आहे. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा स्वतः शाळेत गेले नाहीत, पण त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नामागून प्रश्न. समोरच्या माणसाला उत्तर द्यायला लावायचे आणि त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचे. ताई, तुमचा 'कशावरून' हा शब्द सोडू नका. रद्दी मात्र आणू नका. वाळवी लागते, समाजमंदिरात पसारा होतो आणि गावात बोलणं ऐकावं लागतं.

वणीकर_आई:
रद्दीला माझाही विरोध. शिळ्या बातम्यांत मुलांना काय रस?

अकोला_वाचक:
'किशोर' नावाचं मासिक आहे, ते बघा. माझ्याकडे वडिलांनी बांधून ठेवलेले अंक आहेत, एकही पान फाटलेलं नाही. कोणालाही देत नाही.

समाजमंदिर_अभ्यासिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. तरी मी रद्दीच आणली. वीस रुपये किलोने २५ किलो, दोन वेगळ्या पेपरांची. भिंतीवर फळा रंगवायला ४२० गेले. उरलेल्यात खडू, पेन्सिली आणि वाळवीसाठी पत्र्याची जुनी पेटी.

काल पहिला दिवस. गारपिटीची एकाच दिवशीची बातमी दोन्ही पेपरांतून काढली. एकात 'मोठे नुकसान', दुसऱ्यात 'काही भागात नुकसान'. मुलं बराच वेळ गप्प होती. मग तीच विहिरीच्या उताऱ्यातली मुलगी म्हणाली, "ताई, दोन्हीकडं 'सांगण्यात आले' लिहिलंय. कोणं सांगितलं ते नाहीच." मी तिला दोन्ही ठिकाणी कान काढायला लावले. सोमवारपासून चिठ्ठ्या सुरू, विषय 'गारपीट झाली तो दिवस'.

तुरीच्या कोड्यात नऊ जण चुकले. ओलितवाले तिघेही बरोबर आले.

नवोदय_पालक:
चांगलं आहे. तरी आठवीवाल्यांसाठी संच घ्याच.

कापूसवाला:
ताई, मायाकडे दोन वर्साचे पेपर पडून हाये, इकत घेऊ नका. घाटंजीच्या बाजारात येऊन रायलो, बांधून आनतो.