अनुभव धागा : समुपदेशक म्हणून तुमच्या तोंडचं कोणतं वाक्य सुटलं?

किती केसेस केल्या ते सगळेच सांगतात. मला वेगळं विचारायचं आहे. सुरुवातीला सर्रास म्हणायचात आणि आज चुकूनही म्हणत नाही, असं एखादं वाक्य आहे का? ते कसं सुटलं? क्लायंटची ओळख पटेल असे तपशील मात्र बदलून लिहा. सुरुवात मीच करते.

२००३ साली जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात लागले. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माझं वाक्य ठरलेलं, "घाबरू नका." मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, सुरू झाली १ एप्रिल २००४ पासून, तीही आधी मोजक्याच सरकारी रुग्णालयांत. एक बाई आली होती, सातवा महिना. बाळाला लागण होऊ नये म्हणून प्रसूतीच्या वेळचा नेव्हिरॅपीनचा डोस होता. तिच्या स्वतःसाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. रिपोर्टच्या घड्या घालत घालत तिने त्याची काडेपेटी केली आणि बटव्यात ठेवली. मी म्हटलं, "घाबरू नका." ती म्हणाली, "बाई, घाबरायला तरी वेळ द्या की."

पुढे दिवस पालटले. २०१७ पासून सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करतात. आता सांगण्यासारखं खूप असतं, म्हणून घाईही जास्त होते. तरी रिपोर्ट दिल्यावर मी आधी गप्प बसते. पाण्याचा ग्लाससुद्धा लगेच पुढे करत नाही. पाणी दिलं की माणूस रडणं गिळतो, हे कितीदा तरी पाहिलंय.

*

पोलीस ठाण्यातला महिला कक्ष. माझं वाक्य : "संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच." कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला, त्याचं ट्रेनिंगही झालं होतं. कलमं पाठ होती, तोंडात मात्र आजीचं वाक्य. समोरच्या बाईने पदर सरकवून मानेवरचा डाग दाखवला. "भांडं नव्हतं ताई, तापलेली सांडशी होती."

आता माझा पहिला प्रश्न असतो, आज रात्री झोपायला कुठे जाणार?

*

शाळेत समुपदेशक आहे. "तू सांगितलेलं इथून बाहेर जाणार नाही," असं सातवीतल्या एका मुलीला म्हटलं आणि तिने घरातल्याच माणसाचं नाव घेतलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, कळवायलाच हवं. कळवलं. पुन्हा तसंच करेन. पण तिच्या लेखी मी शब्द मोडला होता, आणि ते खरंच होतं. कित्येक महिने कॉरिडॉरमध्ये ती मान फिरवून जायची. मला झोप लागेना, तेव्हा एका सिनियर ताईंकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपलं काम त्यांच्यापुढे मांडून तपासून घ्यायला, जायला लागले. तोवर वाटायचं, ते शिकाऊंसाठी असतं. तेव्हापासून आजतागायत महिन्यातून एकदा जाते. गोपनीयता कुठे संपते, ते पहिल्याच भेटीत सांगते, अगदी पाचवीतल्या मुलालाही. काही मुलं ते ऐकून गप्प होतात. त्यांची वाट बघावी लागते.

*

मी स्वतः दारूतून बाहेर आलेला, नंतर व्यसनमुक्ती केंद्रातच कामाला लागलो. "मी सोडली, तुम्हीही सोडाल." चौथ्यांदा भरती झालेला एक जण म्हणाला, "सर, तुमची स्टोरी मला पाठ आहे." त्या दिवशी पहिल्यांदा त्याची विचारली. दोन भरत्यांच्या मधे न पिता काढलेले दिवस आम्ही कॅलेंडर घेऊन मोजले. सगळे मिळून अकरा महिने निघाले. ते त्याला कुणी कधी मोजून दाखवलेच नव्हते.

*

हेल्पलाइनवर रात्रपाळी करते. पहाटे तीनला फोन येतो आणि पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. पूर्वी "हॅलो, आवाज येतोय का?" असं तीनदा विचारून ठेवून द्यायचे. आता म्हणते, "मी आहे. लगेच बोलायलाच हवं असं नाही." परवा बावीस मिनिटं पंखा ऐकला. मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही जेवलात का?"