वर्कशॉपसाठी वक्ता ठरवताना नेमकं काय बघायचं?

प्रश्न:
आमच्या टीमसाठी एक दिवसाचं वर्कशॉप ठेवायचंय, ४० लोक आहेत, विषय ठरलाय की सहकाऱ्यांना फीडबॅक कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा. वक्ता शोधायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वेळी ज्यांना बोलावलं त्यांनी तीन तास सगळ्यांना खूप हसवलं, फॉर्मवर पाचपैकी पाच मिळाले आणि महिन्याभरात कुणालाच काही आठवेना, मला पण नाही. आता तीन प्रोफाइल हातात आहेत, तिघांचेही व्हिडिओ एक नंबर. कशावरून ठरवू?

प्रतिसाद १:
व्हिडिओवरून तर अजिबात ठरवू नका. १९७० साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, एका नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षकांसमोर उभं केलं, विषय गेम थिअरी, म्हणजे डावपेचांचं गणित, जे त्याला येतच नव्हतं. भाषण मुद्दाम गोलगोल आणि परस्परविरोधी होतं पण सांगायची ढब एकदम झकास. ऐकणाऱ्यांनी भरभरून चांगले शेरे दिले, सोंग कुणाच्या लक्षात आलं नाही. १९७३ मध्ये ते छापूनही आलं. तुमचे पाचपैकी पाच तेच सांगतायत. मी एकच बघते, पहिल्या फोनवर तो माणूस किती विचारतो. कोण लोक आहेत, आधी काय करून झालंय, नक्की कुठे अडतंय. नुसती तारीख आणि मानधन विचारून फोन ठेवला तर मी पुढे जात नाही.

प्रतिसाद २:
मी स्वतः ट्रेनिंग देतो म्हणून सांगतो, दिवसाचं वेळापत्रक मिनिटांसकट मागा. त्यात वक्ता किती वेळ बोलणार आणि लोक किती वेळ करून बघणार ते दिसायला हवं. फीडबॅक हा विषय ऐकून येत नाही हो, तीन-तीन जणांचे गट करून एकाने द्यायचा, एकाने घ्यायचा, तिसऱ्याने बघून टिपायचं आणि मग अदलाबदल, असं तीनदा झालं तर काहीतरी हाताला लागतं. पण तुम्हीही आधी तुमच्याकडच्या दोन-तीन खऱ्या घटना नावं गाळून द्या, नाहीतर वक्ता पुस्तकी उदाहरणं देणार आणि लोक म्हणणार आमच्याकडे असं नसतं. आणि महिन्याभराने तासाभराचा एक फॉलोअप आत्ताच ठरवून टाका, नंतर कुणाला वेळ मिळत नाही. रेकॉर्डिंग चालेल का, प्रवासखर्च कुणाचा, ऐनवेळी रद्द झालं तर काय, हे लेखी घ्या.

प्रतिसाद ३:
एक छोटी परीक्षा. 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के' अशी स्लाइड दिसली तर आकडे कुठून आले ते विचारा. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव सांगतात, पण त्याच्या १९४६ च्या 'अनुभवाचा शंकू' या मूळ आकृतीत टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले. 'बघून सांगतो' म्हणणारा चालेल, चिडणारा नको.
आणि आधी जिथे शिकवलंय तिथल्या कुणाशी तरी बोला, 'कसे वाटले' हे विचारू नका, 'त्यानंतर तुमच्याकडे काय बदललं' विचारा.

प्रश्नकर्ती:
तिघांशी बोलले. दोघांनी जुन्याच स्लाइड पाठवल्या, तिसऱ्या बाईंनी पाऊण तास मलाच प्रश्न विचारले आणि एक दिवसात घेणं आणि देणं दोन्ही नीट होणार नाही, आधी घेणं करू असं स्पष्ट सांगितलं. व्हिडिओ तिघांत त्यांचाच साधा आहे. त्यांनाच हो म्हणतेय. फक्त आमचे साहेब उद्घाटन करून निघतो म्हणतायत, आणि ते थांबले तर लोक मोकळं बोलतील का?

प्रतिसाद २:
निघू देऊ नका, साहेबच उठून गेले तर बाकीचे काय समजायचं ते समजतात. फक्त त्यांच्या हाताखालचं कुणी त्यांच्या गटात टाकू नका, गटांची यादी आदल्या दिवशीच करून बाईंना पाठवा.