हरणासाठी स्वस्त काडतुसं: चाचणी नेमकी कशाची करायची? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

नेमका
अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीच्या हंगामाआधी दरवर्षी 'स्वस्त काडतुसं पुरतात का' हा वाद निघतो, म्हणून मुद्दा सरळ मांडतो. .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ मापाची रायफल आणि २०० यार्डांच्या आतलं अंतर असेल, तर रेमिंग्टन कोअर-लॉक्ट, फेडरल पॉवर-शॉक, विंचेस्टर पॉवर-पॉइंट ही साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) काडतुसं पुरेशी आहेत. बाँडेड (गाभा जॅकेटला पक्का जोडलेल्या) किंवा पूर्ण तांब्याच्या गोळीसाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही. मात्र आपल्या नळीला यातलं कोणतं मानवतं, ते झाडून बघावंच लागतं.

प्रत्येक जातीचं २० काडतुसांचं एकेक खोकं घ्या. गोळीचं वजन सगळीकडे सारखं ठेवा, समजा १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक). दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू आधी तपासा, नाहीतर ढिल्या स्क्रूचा दोष काडतुसावर जातो. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावून १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) घ्या. ज्याचा ग्रुप दीड इंचात बसेल ते ठेवा. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण ८ इंचांचा असतो, त्याला एवढी अचूकता भरपूर झाली.

गणिती
काडतुसं पुरतात हे मान्य, चाचणी मान्य नाही. तीन गोळ्यांचा ग्रुप जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याच रायफलीतून तेच काडतूस दहा वेळा झाडलं, तर ग्रुप तीन गोळ्यांच्या सरासरी ग्रुपपेक्षा दीडपटीहून मोठा येतो. त्यातच तीन गोळ्यांचे ग्रुप एकमेकांपासून इतके वेगळे येतात की एक इंच आणि पावणेदोन इंच हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. असे चार जातींचे ग्रुप घेऊन 'जिंकलेलं' काडतूस निवडणं म्हणजे चिठ्ठी काढणं.

२० काडतुसं अशी वाटा. पहिली ३ नळी 'बसवायला', कारण आधीच्या जातीचा तांब्याचा आणि दारूचा थर नळीत असतो आणि सुरुवातीच्या गोळ्या त्यामुळे भरकटतात. मग १० गोळ्यांचा एक ग्रुप १०० यार्डांवर. शिकारी रायफलीची नळी बारीक असते, ती तापली की ग्रुप सरकतो किंवा पसरतो. म्हणून दोन गोळ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. पुढच्या ४ गोळ्या २०० यार्डांवर. उरलेल्या ३ वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, एकाच कागदावर. हरणावर जाते ती थंड नळीतली पहिलीच गोळी, म्हणून या तीन खुणा सगळ्यात मोलाच्या.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर वेगही मोजा. कारखान्याचे आकडे बहुधा २४ इंची नळीचे असतात. .३०८ च्या १५० ग्रेन कोअर-लॉक्टचा छापील वेग सेकंदाला २८२० फूट आहे. २० इंची नळीतून त्यातले ८०-१०० फूट सहज कमी होतात. स्वस्त काडतुसांत वेगाची तफावत जास्त दिसते म्हणून लोक घाबरतात, पण सर्वात जलद आणि सर्वात संथ गोळीत ६० फुटांचा फरक असला, तरी २०० यार्डांवर उंचीत जेमतेम अर्धा इंच फरक पडतो.

रानवाट
दोघंही कागदाबद्दल बोलताय. कागदाला बरगडी नसते. गोळी आत शिरल्यावर काय करते, हा खरा प्रश्न आहे आणि स्वस्त गोळी कमी पडते ती तिथेच.

साध्या गोळीत शिशाचा गाभा तांब्याच्या पातळ जॅकेटमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. कोअर-लॉक्टमध्ये जॅकेटची भिंत मध्यावर जाड करून गाभा धरून ठेवायचा प्रयत्न आहे, पण डाखलेलं काही नाही. वेग जास्त असताना हाडावर आदळली की जॅकेट आणि गाभा वेगळे होऊ शकतात आणि गोळी उथळ थांबते. म्हणजे धोका लांबच्या टप्प्यापेक्षा जवळच्या टप्प्याला अधिक, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. .३०० विंचेस्टर मॅग्नम या अधिक वेगवान काडतुसाची हलकी साधी गोळी ३० यार्डांवर खांद्याच्या हाडावर, ही सगळ्यात वाईट जोडी. महाग गोळी तिथे पैसे वसूल करते.

याची चाचणी करायची तर मांसाच्या जागी १० टक्के जिलेटिन हवं, ४ अंश सेल्सियसला ठेवलेलं. ते नीट झालंय का हे आधी तपासावं लागतं: .१७७ चा पोलादी छर्रा सेकंदाला ५९० फुटांनी सोडला तर साधारण ८.५ सेंटिमीटर आत गेला पाहिजे. हे न करता मोजलेली खोली दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडता येत नाही.

नेमका
जिलेटिनचा एवढा खटाटोप घरी कोण करणार? पाण्याने भरलेले गॅलनचे कॅन ओळीने ठेवले तरी दोन गोळ्यांची तुलना होते. सापडलेली गोळी तोला: १५० ग्रेनपैकी ९० उरले की ६० टक्के वजन टिकलं. साध्या गोळीला तेवढं ठीक आहे. मॅग्नमबद्दल मात्र रानवाट यांचं म्हणणं मान्य, माझा दावा .३०८ आणि .३०-०६ पुरताच होता.

रानवाट
पाण्यात गोळी जास्त फुलते (टोक पसरून रुंद होते) आणि तिची खोली जिलेटिनशी जुळत नाही, म्हणून खोलीचा निष्कर्ष काढू नका. एकीपेक्षा दुसरी जास्त तुटते का, एवढंच बघा. आणि कॅन दोन अंतरांवर ठेवा. २५ यार्डांवर गोळी तुटते का ते कळेल, आणि तुमच्या कमाल टप्प्यावर ती फुलते का ते. वेग सेकंदाला १८०० फुटांच्या खाली गेला की साधी गोळी न फुलता आरपार जाण्याची शक्यता वाढते.

पाणवठा
शिशाचा विषय कुणीच काढला नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालतच नाही, तिथे हा सगळा धागा निरुपयोगी आहे. इतर राज्यांतही मांस घरी खाल्लं जातं. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तो फेकायला सांगावा लागला. सहज फुटणारी गोळी हे कण जास्त पसरवते. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर तांब्याची गोळीच घ्या. पॉवर-शॉकमध्ये त्यातल्या त्यात स्वस्त तांब्याची जातही मिळते. फक्त तिला फुलायला जास्त वेग लागतो, म्हणून वजन एक पायरी हलकं निवडा.

नेमका
मुलांच्या बाबतीत वाद नाही. शिशाची गोळी वापरणाऱ्यांनी खांदा टाळून बरगड्यांमागे नेम धरावा आणि जखमेभोवतीचं मांस हात सैल सोडून कापून टाकावं.

पण 'सराव स्वस्त काडतुसांनी, शिकार महाग काडतुसांनी' हा सल्ला सर्रास देतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. दोन्हींचा मारा एकाच जागी पडत नाही, १०० यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक सहज येतो. जे झाडायचं त्यानेच झीरो करा, म्हणजे दुर्बीण माऱ्याच्या जागेशी जुळवून घ्या. आणि लष्करी पद्धतीचं फुल मेटल जॅकेट (टोकासकट धातूने मढवलेली गोळी) कितीही स्वस्त मिळो, हरणावर नको. ते फुलत नाही आणि बऱ्याच राज्यांत शिकारीला बंदीच आहे.

गणिती
+१. शिवाय एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी: वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल, तर संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. चाचणीची खोकी घेण्याआधी परवाना काढा.

काडतूस ठरलं की त्याच लॉट नंबरची (एकाच खेपेत बनलेली) चार-पाच खोकी एकदम घ्या. नंबर खोक्यावर छापलेला असतो. लॉट बदलला की दारू बदललेली असू शकते, तेव्हा थंड नळीच्या तीन गोळ्या पुन्हा झाडून बघा.