मदत हवी आहे : कोडी सुटतात, पण डावात चाल दिसत नाही

निपाणीकर : आमच्या भाच्याला बुद्धिबळाची कोडी झटपट सुटतात, मात्र स्पर्धेत घोड्याचा दुहेरी मारा समोर असूनही त्याला दिसत नाही आणि तीन चालींपुढचा पट डोळ्यांसमोर धरता येत नाही. रविवारी बेळगावात स्पर्धा आहे. कृपया नेमका उपाय सांगावा.

खानापूरकर : मुलाचे वय किती, कोडी तो पटावर सोडवतो की मोबाईलवर, डाव किती वेळाचा, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

काळा उंट : काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याला कॅरो-कान हा सुरुवातीचा बचाव शिकवावा, पाया पक्का होतो.

निपाणीकर : सुरुवातीच्या चाली मी विचारलेल्या नाहीत. वय ११. कोडी मोबाईलवर सोडवतो; एक चाल चुकली की दुसरी लावून पाहतो.

खानापूरकर : खरी अडचण तेथेच आहे. कोड्यात काहीतरी दडलेले आहे हे आधीच ठाऊक असते, डावात ते कोणी सांगत नाही. शह कोठे देता येतो, काय मारता येते आणि दोन्ही बाजूंचे कोणते मोहरे बिनजोर, म्हणजे दुसऱ्या मोहऱ्याच्या आधाराविना आहे, हे त्याने आधी शोधावे आणि प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरांसह सगळ्या चाली वहीत लिहून मगच पडद्याला हात लावावा.

चिकोडीकर : इतक्या संथपणाने मूल कंटाळेल. सोपी कोडी पुन्हा पुन्हा सोडवली की नजर आपोआप बसते.

हुक्केरीकर : नजर बसेल, पण पुढचे दिसणार नाही. त्यासाठी बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांची १९२१ ची रचना द्यावी. पांढरा राजा एच८ या घरावर व प्यादे सी६ वर, काळा राजा ए६ वर व प्यादे एच५ वर. पांढऱ्याने खेळून बरोबरी साधायची. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका उतरत एकाच वेळी काळ्या प्याद्याचा पाठलाग करतो आणि स्वतःच्या प्याद्याजवळही येतो. पट न मांडता हे दिसले पाहिजे.

चिकोडीकर : त्यापेक्षा अमेरिकी खेळाडू पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधील १७ चालींचा डाव मोठ्याने वाचून दाखवावा. पंधराव्या चालीनंतर थांबून प्रत्येक मोहरे कोठे आहे ते विचारावे. वजीर बी८ वर का दिला आणि घोड्याने तो घेताच हत्तीने डी८ वर मात कशी झाली, हे मूल स्वतःच सांगेल.

काळा उंट : सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, तेथे चौकशी करावी.

निपाणीकर : रविवारपूर्वी सांगली जमणार नाही. डाव १५ मिनिटांचा आहे, हे लिहायचे राहिले. प्रत्येक चालीला एवढी तपासणी कशी करावी?

खानापूरकर : मग एवढेच सांगा : प्रतिस्पर्ध्याने मोहरे हलवले की ते कोठे आले हे पाहण्याबरोबरच त्याच्या हलण्याने कोणाचा जोर सुटला आणि कोणती रेघ मोकळी झाली, हेही पाहावे.