हौशी वाद्यवृंदाला पैशाची आणि माणसांची साथ कशी उभी करावी? (रत्नागिरी)

भाट्ये_खाडी:

आमच्याकडे ३० वादकांचा हौशी वाद्यवृंद आहे, पाश्चात्त्य पद्धतीचा. पहिली व्हायोलिनं ७, दुसरी ६, व्हिओला ४, चेलो ४, डबल बास २, बासरी २, क्लॅरिनेट २, हॉर्न २ आणि टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे) १. निम्मे रत्नागिरीचे, काही सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे, आठ-नऊ जण गोव्याहून येतात. वर्षातून दोन कार्यक्रम. वाद्यवृंदाबाहेरचे १४ स्वयंसेवक तयार आहेत, त्यांचा रीतसर गट करायचा आहे.

हिवाळी कार्यक्रमाचा अंदाज: नाट्यगृह २२,०००, पाहुण्या वादकांचं मानधन व प्रवास ८५,०००, राहणं-जेवण ३०,०००, टिंपनीचं भाडं आणि टेम्पो २८,०००, छपाई १२,०००, किरकोळ १३,०००. एकूण १,९०,०००. खुर्च्या ४८०, तिकीट २००. सगळी तिकिटं गेली तरी ९६,००० होतात.

उरलेले ९४,००० कुठून आणायचे? डोक्यात तीन गोष्टी आहेत: लकी ड्रॉची कुपनं, हापूसच्या पेट्या, स्मरणिका. यातलं काय चालतं, काय अंगाशी येतं? तारीख डिसेंबरचा तिसरा आठवडा धरली आहे.

खातेवही:

लकी ड्रॉ आधी डोक्यातून काढा. पैसे घेऊन कुपन आणि सोडतीत बक्षीस, ही कायद्याच्या नजरेत लॉटरी. परवानगीशिवाय ती चालवणं गुन्हा आहे, "चांगल्या कामासाठी" म्हटल्याने सुटका होत नाही. त्याऐवजी लिलाव करा. कुणी दिलेलं चित्र, होम-स्टेची दोन रात्रींची सोय, नौकाफेरी. लिलावात नशीब नाही, बोली आहे.

आता नोंदणी. वर्गणी मागायला बाहेर पडण्याआधी तुमच्याकडे दोनपैकी एक काहीतरी हवं. एक तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान ७ सभासदांची संस्था आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तिची नोंद. किंवा तोपर्यंत धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची तात्पुरती परवानगी, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. परवानगीची मुदत संपली की हिशेब द्यावा लागतो. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड पत्रकावर छापू नका. पैसे शंभर टक्के सरळ असले तरी त्याच्या आयकरात ते त्याचंच उत्पन्न दिसतं.

८०जी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण बाजारात नाव तेच) नव्या संस्थेला आधी तीन वर्षांसाठी तात्पुरतं मिळतं. २,००० रुपयांवरची देणगी रोख आली तर देणाऱ्याला वजावट नाही, म्हणून त्यावर धनादेश किंवा यूपीआयच घ्या. पॅन पावती फाडतानाच लिहून घ्या. मे महिन्यात दात्यांचं विवरणपत्र भरताना चाळीस जणांच्या मागे पॅनसाठी फिरावं लागतं, आणि त्यातले अर्धे तेव्हा आंब्यात असतात.

तीन पावतीपुस्तकं ठेवा: देणगी, सभासद वर्गणी, जाहिरात. पानभर जाहिरात छापून घेणाऱ्या दुकानदाराने मोबदला घेतला आहे, ती देणगी नव्हे, त्यावर ८०जीची पावती देता येत नाही. वर्गणीच्या बदल्यात दोन तिकिटं देत असाल तर तेही तसंच.

तिकीट माणशी ५०० पर्यंत असेल तर संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. तुमचं २०० चं आहे, विषय संपला.

एक खास कोकणातली अडचण. आखातातल्या नातेवाइकांचे पैसे. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, त्याचा रुपयाही एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका, मग तो सख्खा मामा असला तरी. पासपोर्टची प्रत फाइलला लावा.

आणि ९४,००० चा प्रश्न कार्यक्रमापुरता बघू नका. ज्याने तिकीट काढलं त्याला वर्षाचा आश्रयदाता करणं हे खरं काम. १,००० रुपये वार्षिक, १०० जण, झाले एक लाख. दुसऱ्या वर्षी त्यातले किती टिकले, हा एकच आकडा वहीत ठळक लिहा. शिवाय 'खुर्ची दत्तक' ठेवा: पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीला १०,०००, बाकीच्यांना ३,००० ते ५,०००, आणि कार्यक्रमपत्रिकेत वादकाच्या नावाशेजारी देणाऱ्याचं नाव. वादकाचं नाव समोर असलं की लोक देतात. 'संस्थेच्या कार्यास हातभार' म्हटलं की शंभराची नोट निघते.

विंगेतला:

तारीख बदला. तुमच्यातले वेंगुर्ले-सावंतवाडी-गोव्याचे जे वादक चर्चमध्ये वाजवतात, ते १५ ते २५ डिसेंबर नाताळच्या तालमीत अडकलेले असतात. "येतो" म्हणतील आणि रंगीत तालमीला सहा खुर्च्या रिकाम्या दिसतील. जानेवारीचा दुसरा रविवार घ्या. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावी, पुढे शिमगा, म्हणजे खिडकी लहानच आहे. वेळ साडेसहा ते साडेआठ. नऊच्या पुढे गेलात तर शेवटची एसटी पकडणारे मध्यांतरातच उठतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी एका स्वयंसेवकाने पाहुण्यांची नावं-वयं घेऊन बसायचं. बाकी कामं दुपारी.

आता मोजणी, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

नोटेशनचे स्टँड: तारवाद्यांत दोघांत एक, फक्त बासला प्रत्येकी एक. पहिली व्हायोलिनं ४, दुसरी ३, व्हिओला २, चेलो २, बास २. फुंकवाद्यांना प्रत्येकी एक म्हणजे ६, टिंपनी १, संचालक १. एकूण २१, तीन जादा धरून २४. खुर्च्या २७, बासला दोन उंच स्टूल, टिंपनीला एक. खुर्ची बिनहाताची आणि सपाट बैठकीची हवी. मंडपवाल्याची प्लास्टिकची हातवाली खुर्ची आली तर व्हायोलिनचा गज आणि चेलोवाल्याचा उजवा कोपर हातावर आपटतो, शिवाय ती मागे झुकलेली असल्याने दोन तासांत कंबर जाते. शाळेच्या लायब्ररीतल्या लाकडी खुर्च्या मागा, फुकट मिळतात.

जागा २८ बाय २४ फूट मोकळी. नाटकाचा सेट मागे लावलेला असेल तर खोली सहा-सात फुटांनी कमी होते, हे बुकिंगच्या दिवशीच विचारा. चेलोच्या खालच्या टोकाला लोखंडी खिळा असतो, तो गुळगुळीत रंगमंचावर सरकतो. प्रत्येक चेलोला दीड फूट बाय तीन फुटांचा जाड गालिच्याचा तुकडा, खुर्चीचे पुढचे पाय त्यावर. म्हणजे खुर्चीच गालिचा धरून ठेवते.

हवेबद्दल. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड फुगतं, व्हायोलिनच्या खुंट्या जाम होतात, वाद्य ठेवायच्या पेटीच्या अस्तराला बुरशी धरते. तेच वाद्य एसीत आणलं की उलटं, खुंटी सैल होऊन सुटते आणि तार खाली येते. ऐन बैठकीत चार जणांच्या खुंट्या सुटल्या की लोकांना वाटतं पोरं कच्ची आहेत. उपाय: एसी कार्यक्रमाच्या तीन तास आधी सुरू, वादक दीड तास आधी आत, वाद्यं पेट्यांतून काढून खुर्चीवर नव्हे तर विंगेत टेबलावर. खुंटीला जरा कोरडा खडू. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर महिन्याला तव्यावर गरम करून कोरड्या करा, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या.

आणि हे लक्षात ठेवा: गरमीने बासरी-क्लॅरिनेटचा सूर चढतो, तारांचा उतरतो. दहा अंशांच्या फरकाने फुंकवाद्य अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने सरकतं. खर्च वाचवायला मध्यांतरात एसी बंद केला तर उत्तरार्धात दोन्ही बाजू दोन दिशांना जातात. वीजबिलाचे ते पैसे वाचवू नका. नाट्यगृहाच्या जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे, हे लेखी घ्या.

पावसच्या_बागेतून:

हापूसचं सांगतो. चालतं, पण माल आधी घेऊन नंतर गिऱ्हाईक शोधायचं नाही. आधी नोंदणी, आधी पैसे, मग बागायतदाराला आकडा. पाच डझनी लाकडी पेटी नको, डझनाचे खोके करा. साधारण २५० ग्रॅमचं फळ, म्हणजे खोका तीन किलोच्या आसपास. बाईच्या हातात मावतो, दुचाकीवर जातो.

मार्चमध्ये भाव चढा असतो आणि मार्जिन उरत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. बागायतदाराच्या दरावर डझनामागे १५० ठेवले आणि २०० डझन गेले तर ३०,०००. त्यातून वाहतूक आणि बदलून द्यायचे डझन वजा. वीस डझनांमागे एक डझन बदलीसाठी धराच, कारण साका बाहेरून दिसत नाही. कापल्यावर आत पांढरट-पिवळा, आंबट गोळा निघतो, आणि फोन खजिनदाराला येतो.

फळ चौदा आणे तयार असताना उतरवलेलं घ्या, पिकायला आठ-दहा दिवस लागतात. खोक्यावर उतरवल्याची तारीख आणि 'पेंढ्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको' एवढं लिहा. अर्ध्या तक्रारी कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवल्याच्या असतात. मुंबईला घरपोच देऊ नका, दादर, ठाणे, बोरिवली अशा तीन जागा, प्रत्येक जागी एक माणूस, दोन तासांची वेळ.

मात्र हा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, जानेवारीच्या कार्यक्रमाला उपयोगी नाही. तो पुढच्या पावसाळ्यातल्या दुरुस्तीला ठेवा: तारा, गजाचे केस, निघालेले सांधे.

खातेवही:

आंब्याच्या खरेदी-विक्रीचा हिशेब वेगळा ठेवा, देणगीत मिसळू नका. धर्मादाय संस्थेने व्यापार केला की मर्यादा येतात. वर्षातून एकदा, लहान प्रमाणात, वेगळ्या वहीत, एवढं पाळलं तर सीएला त्रास नाही.

भाट्ये_खाडी:

तारीख जानेवारीत नेतो. दोन शंका. कार्यक्रमात मोझार्ट आहे आणि शेवटी दोन नाट्यपदं वाद्यवृंदासाठी बसवली आहेत. हक्कांचं काय? दुसरं, १४ जणांना कुठे उभं करायचं? मोफत पास किती ठेवावेत, यावरही वाद चालू आहे.

कोरस_दुसरी_रांग:

हक्क: भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. मोझार्टचा प्रश्न नाही, पण तुम्ही वाजवता ती नव्याने केलेली मांडणी असेल तर ती करणाऱ्याची परवानगी लागते. नाट्यपदांत नीट बघा. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. मास्टर कृष्णराव गेले १९७४ साली, म्हणजे २०३४ अखेरपर्यंत हक्क. जितेंद्र अभिषेकी १९९८, त्यांच्या चाली २०५८ अखेरपर्यंत. "जुनं नाट्यसंगीत आहे, कोण विचारतो" हे गृहीत चुकतं. हौशी मंडळाला विनातिकीट प्रेक्षकांसमोर वाजवायला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलंत की ती सूट संपली. आणि नाट्यपदं बसवणाऱ्या तुमच्याच माणसाकडून एका कागदावर लेखी परवानगी घ्या, उद्या तो पुण्याला गेला तर नोटेशनही जातं.

पास: वीस, त्याहून एक जास्त नाही, आणि तेही नाट्यगृह, पोलीस, छापखाना, खुर्च्या देणारी शाळा अशा कामाच्या लोकांना. शंभर पास वाटले की तीस खुर्च्या रिकाम्या राहतात, त्याही पुढच्या रांगेतल्या. फुकट मिळालेल्या तिकिटाला पाऊस, पाहुणे, क्रिकेट, काहीही आडवं येतं. आपल्याकडे पास मागणं हा मान समजतात, तेव्हा नाही म्हणायचं काम गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंना द्या.

माणसं: दारं दोन, प्रत्येकी दोघे, म्हणजे ४. तिकीट टेबल २, पार्किंग १, विंगेत ३, वादकांचं चहा-जेवण २, सभासद नोंदणीचं टेबल २. झाले १४. दारावरच्यांना कार्यक्रमपत्रिका पाठ हवी. सिंफनीचे चार भाग, उशिरा आलेल्याला फक्त दोन भागांच्या मधल्या शांततेत सोडायचं. पत्रिकेत 'चार भाग, टाळ्या शेवटी' असं ठळक छापा, निवेदकानेही सांगू द्या. तरी पहिल्या भागानंतर टाळ्या पडल्या तर पडू द्या, कुणाला शूऽऽ करू नका. तोच माणूस मध्यांतरात सभासद होणार असतो.

नोंदणीचं टेबल बाहेर फाटकाशी नको, चहाच्या रांगेशेजारी. मध्यांतर २० मिनिटं ठेवा, पंधरात चहाच उरकत नाही. टेबलावर पावतीपुस्तकं, क्यूआर, दोन पेनं आणि चालणारा टेबलदिवा. फॉर्म एकाच पानाचा: नाव, फोन, पॅन, रक्कम.

विंगेतला:

एक राहिलं. दुसरा कार्यक्रम उघड्यावर, किनाऱ्यालगत करणार असाल तर कपडे वाळत घालायचे चिमटे प्रत्येक स्टँडला चार, म्हणजे जवळपास शंभर. लाकडी घ्या, प्लास्टिकचे उन्हात तुटतात. पानं उलटताना खालचे दोन सोडायचे, वरचे दोन नाहीत, हे तालमीतच करून बघा. खारा वारा समुद्राकडून सुटतो तेव्हा संचालकाचं नोटेशन सगळ्यात आधी उडतं, कारण ते जाड असतं म्हणून कुणी चिमटा लावत नाही.

भाट्ये_खाडी:

चिमटे लिहून घेतले. शाळेकडे खुर्च्यांचं पत्र सोमवारी जातंय, पण आधी खुर्च्या हातवाल्या तर नाहीत ना ते बघून येतो.