मदत हवी आहे: दोन्ही पक्ष पटत नाहीत, मग मत कुणाला द्यायचं?

मंडळी, मी पेनसिल्वेनियात राहते. नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणी केली, तेव्हा पक्षाच्या रकान्यात 'कोणताही नाही' असं मनापासून भरलं. मे महिन्यात प्राथमिक निवडणुकीला (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या फेरीला) हौसेने केंद्रावर गेले, तर टेबलामागच्या आजींनी यादीवरून बोट फिरवलं आणि हळूच सांगितलं, "तुम्हाला उमेदवार निवडता येणार नाही." इथे प्राथमिक फेरी फक्त त्या त्या पक्षात नोंदवलेल्यांचीच. कागद न घेता घरी आले. फार वाईट वाटलं.

म्हणजे उमेदवार ठरवताना मी दाराबाहेर, आणि नोव्हेंबरात दोघांतला एक निमूटपणे निवडायचा. डेमोक्रॅट्सचं काही पटतं, रिपब्लिकनांचं काही. मनापासून मत द्यावं असं एकही नाव दिसत नाही.

तिसऱ्याला द्यावं म्हटलं तर २००० सालचं फ्लोरिडा आठवतं. बुश ५३७ मतांनी जिंकले, आणि तिथे तिसऱ्या पक्षाच्या नेडरना ९७ हजारांवर मतं होती. आमच्या राज्यातही २०१६ मध्ये ट्रम्प आणि क्लिंटन यांच्यातला फरक जेमतेम ४४ हजारांचा. मेन राज्यासारखे उमेदवारांना पहिली, दुसरी पसंती असे क्रम इथे लावता येत नाहीत. भारतात निदान 'नोटा'चं बटण तरी आहे!

इथे बरीच वर्षं मतदान करणाऱ्यांनो, तुम्ही काय करता? फक्त प्राथमिक फेरीसाठी एखाद्या पक्षात नाव नोंदवलंय का कुणी? नंतर काढताना त्रास झाला का? आणि एखादी जागा कोरी सोडली तर बाकीची मतं नीट मोजली जातात ना? कृपया अनुभव सांगा.